मागं राहिलेला गरुड

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, काकडा ऐन रंगात असताना, मांडवाच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं आणि घरंगळत तुळशीवृंदावनापाशी येऊन पडलं. सगळ्यांना वाटलं, लिंबाची फांदी मोडली. वारा होताच तसा. श्रावणातला पश्चिमेचा वारा, दोन दिवस नुसता घोंगावत होता. मांडवाची कनात त्यानं उभी फाडली होती आणि भोंग्याचं तोंड गावाकडून फिरवून रानाकडं केलं होतं. पण त्या फांदीनं मान वर केली.

पक्षी होता. बदकाहून मोठा, तपकिरी अंगाचा, पोट पांढरं, गळ्याभोवती पांढरा पट्टा आणि चोच भाल्याच्या पात्यासारखी सरळ. सगळ्यांत पुढं कडूबाई उभी होती. सत्तरी ओलांडलेली, सप्ता बसला की घराची वाट विसरणारी माळकरीण. हातातला काकडा तसाच उंच धरून तिनं त्या पांढऱ्या गळ्याकडं पाहिलं आणि ओरडली, "अगं माय! गरुड आला! मागं राहिलेला गरुड आला!"

आता हे 'मागं राहिलेला' कुठून आलं? तर आदल्या संध्याकाळच्या कीर्तनात महाराजांनी गजेंद्राची कथा लावली होती. पाण्यात मगरीनं पाय धरलेल्या हत्तीनं हाक मारली आणि देव इतक्या घाईनं निघाला, की गरुडावर बसायलासुद्धा थांबला नाही. अनवाणी धावला. गरुड बिचारा मागंच राहिला. महाराजांनी ते असं काही रंगवलं, की देव पोचला, हत्ती सुटला, तरी बायांचे पदर डोळ्यांना लागलेलेच. 'त्या गरुडाचं पुढं काय झालं हो?' अशी चुटपुट मनात ठेवून गाव झोपलं होतं. आणि उजाडतं न उजाडतं तोच हा समोर हजर. गावाच्या हिशेबात कुठं खोट नव्हती.

खोट दिसली ती एकट्या सरोजिनीबाईंना. त्यांनी गळ्याच्या आधी पाय पाहिले. बदकासारखे, बोटांना पडदा असलेले पाय.

पण बाईंना वाकता येत नव्हतं. गळ्यात वीणा होती. सप्त्यात वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पायाला हात लावतात, आणि सात दिवस तिची तार कुणाच्या ना कुणाच्या बोटाखाली बोलत राहते. या गावात वीणेचा सकाळचा पहारा बायकांचा. सरोजिनीबाई मूळच्या तुळजापूरच्या, पुजाऱ्याच्या घरातल्या. शाळेवर नेमणूक होऊन परंडा तालुक्यातल्या या धरणाकाठच्या गावात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. कीर्तनाचं वेड माहेरून आणलेलं. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, बाई पहिल्या रांगेत. निवृत्त झाल्यावर दुसरं वेड लागलं ते पाखरांचं, आणि ते लावलं त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीनं, संघप्रियानं. ती आता परंड्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या घरी बुद्धवंदना, बाईंच्या घरी भजन. पण सुटीच्या दिवशी दोघी एका दुर्बिणीत आळीपाळीनं डोळा घालून धरणाच्या भिंतीवर बसलेल्या. गावातली माणसं हसायची, "बाईंनी कान दिलं देवाला आन् डोळं दिलं बगळ्याला."

बाईंनी शेजारणीकडून फोन लावून घेतला. ती बाईंच्या कानाला फोन धरून उभी राहिली, बाई वीणा छेडत बोलल्या.

"संघे, लवकर ये. मांडवात समुद्रातलं काहीतरी पडलंय."

"समुद्रातलं? आपल्याकडं?"

"पाय बघितलेत मी. आणि अशी चोच आपल्या धरणावर कधी दिसलेली नाही. ये तू."

संघप्रिया स्कूटीवर आली तेव्हा वाऱ्यानं तिचे केस खराट्यासारखे झाले होते. तोवर इकडं काय काय होऊन गेलं होतं! पक्षी भाकरीच्या टोपलीत बसवला होता. टोपलीत नवं धोतर. पक्ष्याच्या कपाळाला बुक्का, अंगावर हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. कुणी पेढा पुढं करत होतं, कुणी पळीनं तीर्थ चोचीत घालायला बघत होतं. टोपलीभोवती माणसांचं कडं, आणि कड्याच्या आत धोंडीबा. सप्त्याचा सगळा भार याच्यावर. पोळ्यांच्या पिठापासून महाराजांच्या गाडीपर्यंत सगळं हा बघणार. सात दिवस धड झोप नाही, आणि आता तर सेवेचं फळच पदरात पडल्यासारखा त्याचा चेहरा उजळला होता.

"तीर्थ घालू नका!" संघप्रिया कड्यात घुसली. "दादा, पाणी फुफ्फुसात गेलं तर इथंच जाईल तो."

तिनं हलक्या हातानं एक पंख उघडला. तो उघडतच गेला. टोपलीच्या बाहेर, धोंडीबाच्या गुडघ्यापर्यंत. बायकांनी "आगं बया" म्हणून तोंडावर हात ठेवले. दुसराही उघडला, छाती चाचपली, पाय पाहिले.

"पंख धड आहेत. लागलेलं कुठं नाही. पण छातीचं हाड हाताला लागतंय बघा, कितीतरी दिवसांचा उपाशी आहे. हा समुद्रातला पक्षी आहे, दादा. पिल्लूच म्हणा, याच वर्षीचं. तिकडं वादळ झालं, वाऱ्यानं उचलून इकडं आणला."

"समिंदर कुठं आन् आपून कुठं!" मृदंग गळ्यात अडकवलेला नागप्पा म्हणाला. "एवढ्या लांबनं वाराच आणतो व्हय? मग आमच्या म्हेवण्याला न्हाय कधी उचलून न्हेत."

माणसं हसली. संघप्रिया हसली नाही. तिनं वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, पक्ष्याचे फोटो पाठवले आणि मग बाईंपाशी येऊन हळू सांगितलं, "पंख धड असतील तर गर्दीतून काढा आणि पाण्यावर सोडा म्हणाले. पण या जातीला सपाट जमिनीवरून उठता येत नाही, बाई. उंच जागा हवी आणि समोरून जोराचा वारा. आज तो आहे. दुपारनंतर पडणार असं हवामानात सांगितलंय. इथं ढोलकी-झांजांत संध्याकाळपर्यंत ठेवला तर..."

बाईंनी टोपलीकडं पाहिलं. पक्ष्याचे डोळे मिटत होते, उघडत होते. झांज वाजली की अंग आक्रसत होतं. दिवस मावळेपर्यंत हा टिकणार नाही, हे त्यांना तिच्याइतकंच स्वच्छ दिसलं.

"धोंडीबा," बाई म्हणाल्या, "याला धरणावर नेऊन सोडायचा. आत्ता."

"आत्ता?" धोंडीबा दचकला. "बाई, काल्याचं कीर्तन हाय. म्हाराज येतील, त्यांच्यासमोर टोपली ठिवायची. चार गावांतनं माणसं निघालीत दर्शनाला. फोन केलेत म्या."

"आणि मग?"

"मग काय? देवळातच ऱ्हाईल. चांगली जाळी करून घिऊ त्याला."

"आणि मेला तर?"

धोंडीबानं बाईंकडं असं पाहिलं, की जणू बाईच आजारी आहेत. "बाई! गरुड कसा मरंल?"

पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. जन्मभर कीर्तनं ऐकलेली. कुठला धागा कुठं ओढायचा ते त्यांना ठाऊक होतं. "असं बघा," त्या म्हणाल्या, "तुमच्याच म्हणण्यानं धरू. हा मागं राहिलेला. देवाला शोधत निघालेला. अशाला तुम्ही टोपलीत कोंडून कसं चालेल?"

"शोधत निघाला व्हता. आता गावला की देव! हे काय देऊळ न्हाय?" धोंडीबानं गाभाऱ्याकडं हात केला.

नागप्पानं मृदंगावर थाप मारली. "बाई, धोंडीबानं तुमालाच निरुत्तर केलं."

केलंच होतं. बाईंना मनातून त्याचं कौतुकही वाटलं. संघप्रिया मात्र तापली. "दादा, गरुड वेगळा असतो. त्याची चोच आकडीसारखी, पाय नखांचे. हा त्यातला नाहीच. देव-बिव काही—"

"संघे," बाईंनी तिला अडवलं. आजूबाजूला कुजबुज सुरू झालीच होती. "तुला माहीत होतं ते सांगितलंस. आता पुढचं माझ्यावर सोड."

"वेळ नाहीये, बाई. आणि तुमच्या गळ्यात ही वीणा. दोन्ही हात गुंतलेले. तुम्ही करणार काय?"

"प्रदक्षिणा," बाई म्हणाल्या.

काल्याच्या कीर्तनाआधी गावप्रदक्षिणा असते, ती सगळीकडं असते. पण या गावची एक रीत आहे. दुसऱ्या गावांत पुढं पताका असतात, टाळकरी असतात; इथं सगळ्यांच्या पुढं वीणा. वीणेच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही, वीणेला हटकायचं नाही आणि निघालेली वीणा आल्या वाटेनं मागं फिरवायची नाही. ती फेरी पुरी करूनच देवळात यायची. धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि गाव उठून इथं आलं, तेव्हा नव्या गावाची वाट वीणेनं दाखवली होती, म्हणून ही रीत. लहान पोरांनासुद्धा ती ठाऊक. आणि आज पहारा होता बाईंचा.

"पुंडलिक वरदा" झालं आणि दिंडी निघाली. धोंडीबानं टोपली कुणालाच दिली नाही. स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि वीणेच्या मागं मानाच्या जागी उभा राहिला. त्याच्या मागं कडूबाई तुळस घेऊन, मग नागप्पा, टाळकरी, पताका आणि अख्खं गाव. संघप्रिया कडेकडेनं चालत राहिली. टाळ सुरू झाले तशी टोपलीतली हालचाल थांबली. तिनं बाईंकडं पाहिलं. बाई ताठ चालत होत्या, अगदी वर्गात शिरतानाच्या चालीनं.

चावडीपाशी रस्ता फुटतो. उजवीकडं मारुतीचं देऊळ, तिथून शाळा, तिथून परत मांडव. ती नेहमीची फेरी. डावीकडं शेताडातून सरळ धरणाची भिंत.

बाई डावीकडं वळल्या.

नागप्पाचा हात क्षणभर अधांतरी राहिला, एक थाप चुकली, आणि मग सवयीनं ठेका पुन्हा धरला गेला. मागून धोंडीबा दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, उजवीकडं. ओ बाई!" बाईंनी आवाज चढवला, "रामकृष्ण हरी!" आणि मागून अख्ख्या गावानं तेच दुप्पट चढ्या आवाजात म्हटलं. आता नामाच्या मध्ये ओरडणार कोण? वीणेच्या पुढं जाऊन हात आडवा करणार कोण?

धोंडीबा थांबला. तेवढंच त्याच्या हातात होतं. तो फाट्यावर पाय रोवून उभा राहिला. टोपलीच आली नाही तर ही सगळी चाल फुकट. पण कडूबाईची तुळस मागून त्याच्या पाठीला टेकली.

"का रं थांबलास?"

"बाई चुकल्यात."

"बाई चुकल्यात का न्हाय ते ईना बघून घील. तू चाल. का पुन्यांदा मागं ठिवतूस त्याला? एकदा ऱ्हायला तेवढं पुरं न्हाय व्हय?"

धोंडीबानं टोपली सावरली. तो चालू लागला.

शेताडाचा रस्ता संपला आणि भिंतीचा चढ लागला तसा वारा अंगावर आला. खाली गावात होता तो नुसता त्याचा पुतण्या, हा खरा. टोप्या उडाल्या, पताका काठ्यांना गुंडाळल्या गेल्या, बायकांनी पदर दातांत धरले. भिंतीच्या माथ्यावर पोचलं तेव्हा समोर धरण पार आडवंतिडवं उसळलेलं. पाणी गढूळ, त्यावर पांढऱ्या शेंड्या, आणि भिंतीच्या दगडांवर लाटा फुटून तुषार थेट माणसांच्या तोंडावर. नदीसुरय पक्षी वाऱ्याशी झुंजत एकाच जागी थरथरत होते. बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख मिटून अंग चोरून बसले होते. टाळ वाजत होते, पण ऐकू येत नव्हते.

बाई थांबल्या आणि वळल्या. धोंडीबानं टोपली खाली उतरवून छातीशी धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्यानं की रागानं, सांगता येत नव्हतं.

"बाई, फसवलं तुमी आमाला."

"हो," बाई म्हणाल्या. "वीणा गळ्यात आहे, खोटं बोलणार नाही. फसवून आणलं. पण इथून पुढं माझं काही चालत नाही, धोंडीबा. माझे दोन्ही हात हिच्यात अडकलेत. मला ही खाली ठेवता येत नाही, आणि तुमच्या हातून ती टोपली ओढता येत नाही. सोडायचा तर तुम्ही सोडायचा."

"आन् न्हाय सोडला तर?"

"तर मी वीणा घेऊन पुढच्या फेरीला लागेन. तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. आज नाही आणि कधीच नाही."

तेवढ्यात टोपलीत काहीतरी हललं. वारा थेट टोपलीत शिरत होता, आणि इतका वेळ लोळागोळा पडलेल्या त्या जीवानं मान उचलली होती. चोच बरोबर वाऱ्याच्या तोंडाला. मग खांदे सैल झाले. मग पंख, आधी अर्धे, मग पुरे, धोतर बाजूला सारत, झेंडूच्या पाकळ्या उधळत उघडले. धोंडीबाचे हात आपोआप वर आले.

"बाई," तो म्हणाला, "टोपली हलकी झाली ओ. ह्याला वर वढतंय कुणीतरी."

संघप्रिया त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धोंडीबानं तिच्याकडं टोपली धरायला दिली. मग स्वतःच्या हातानं पक्ष्याच्या गळ्यातली माळ काढली, कपाळावरचा बुक्का अंगठ्यानं पुसला आणि त्याला दोन्ही हातांनी उचलून भिंतीच्या कडेशी गेला.

"वाऱ्याकडं तोंड करून, दादा. उंच धरा. फेकू नका, तो आपण जाईल."

धोंडीबानं हात जितके वर जातील तितके वर केले. क्षणभर तो पक्षी त्याच्या तळहातांवर उभा राहिला. आणि गेला. पण वर नाही. सरळ खाली, दगडांच्या दिशेनं, दिसेनासा झाला.

"मेला गं माय!" कडूबाईनं टाहो फोडला.

बाईंच्या बोटाखालची तार थांबली. सात दिवसांत पहिल्यांदाच थांबली.

मग लाटेच्या पलीकडून तो वर आला. पंख ताणलेले, हलत नव्हते. पाण्याला टेकतोय की काय इतका खालून, लाटेच्या अंगानं अंग वळवत, वाऱ्याच्या छातीवर चढत तो निघाला. नदीसुरयांना जिथं फडफडून जीव नकोसा झाला होता, तिथं हा कण्हत-कुथत नाही, घाईत नाही, जणू आपल्या अंगणात फेऱ्या मारतोय. एकदा लांब गेला, ठिपका झाला. पुन्हा वळून भिंतीसमोरून गेला तेव्हा पताका सावरणाऱ्या, टोप्या काखेत धरलेल्या सगळ्यांच्या माना एकदमच फिरल्या. संघप्रियानं दुर्बीण कडूबाईच्या हातात दिली. कडूबाईनं ती उलटी लावली आणि म्हणाली, "लई लांब गेला." मग कुणीतरी सुलटी करून दिली.

पण संघप्रियाच्या चेहऱ्यावरचा ताण अजून सुटला नव्हता. "उडतोय," ती बाईंच्या कानाशी म्हणाली, "पण पोटात काही गेलं नाही तर किती वेळ उडणार?"

तेवढ्यात तो उंच चढला. उंच, आणखी उंच, आणि मधोमध आभाळात पंख मिटून दगडासारखा कोसळला. पाण्याचा एक पांढरा तुरा उडाला आणि वर काहीच राहिलं नाही.

तो वर आला तो चोचीत काहीतरी चकाकणारं घेऊन. मान मागं टाकली, दोन हिसके दिले, गिळलं. चोचीबाहेर शेपटीचं टोक तेवढं क्षणभर वळवळलं.

"खाल्लं!" संघप्रिया उड्या मारायला लागली. "बाई, खाल्लं त्यानं! जगला!"

ती एकटीच ओरडत होती. बाकी सगळं माळकरी गाव चिडीचूप झालं होतं. बाया एकमेकींकडं चोरून बघत होत्या. शेवटी नागप्पानंच तोंड उघडलं.

"धोंडीबा, तुझा गरुड मासळी खातोय रं."

सगळे धोंडीबाकडं बघायला लागले. तो अजून कडेवर उभा होता, रिकामे हात तसेच थोडे वर. त्यानं पाण्याकडं पाहिलं. पक्षी पुन्हा चढत होता.

"खाऊ दे की," तो म्हणाला. "लई दिसाचा उपाशी हाय. आन् माळ तर आत्ताच काढली म्या त्याची."

पहिली हसली ती कडूबाई. मग नागप्पा, मग टाळकरी, मग भिंतीवरचं अख्खं गाव, आणि वाऱ्यानं ते हसणं उचलून पार शेताडापर्यंत नेलं. पक्ष्यानं दुसरी बुडी मारली तेव्हा तर "घावला! घावला!" असा गलका झाला. कुस्तीच्या फडात होतो तसा.

धोंडीबाच्या खिशातला फोन वाजला. मांडवातून कुणीतरी कळवळून ओरडत होतं, म्हाराजांची गाडी आली, आन् इथं चिटपाखरू न्हाय.

"म्हाराजांना म्हणावं, ईना धरणावर हाय," धोंडीबा म्हणाला. "गाडी इकडंच घ्या. उपरणं घट बांधून या म्हणावं, वारं लई हाय." फोन ठेवून तो बाईंसमोर आला. नजर वर केली नाही. वाकला, त्यांच्या पायाला हात लावला आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. आता बाईंनीही वाकून त्याच्या पायाला हात लावला. मग त्यानं तार छेडली.

"आता तुमचं हात मोकळं हायेत," तो म्हणाला. "बघा तुमी. मगापासनं तुमीच तेवढं नीट बघितलं न्हाय."

बाईंनी कडूबाईकडून दुर्बीण मागून घेतली. कडूबाई सोडायला तयार नव्हती. "थांबा की जरा, आता तिसरी मारतोय," ती म्हणाली.